तुकड्यांमध्ये रंगवलेलं पोर्ट्रेट वाचायचं कसं? क्रम, तयारी आणि नेहमी होणाऱ्या चुका

पोर्ट्रेटमध्ये नाक एका बाजूने, डोळा भलतीकडे, कोट मागच्या भिंतीत शिरलेला, असं काही समोर आलं की बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. एकतर ‘आपल्याला बाप्पा मॉडर्न आर्ट समजत नाही’ म्हणून पुढच्या फ्रेमकडे सरकतात, नाहीतर एका मिनिटात अर्थ सांगून मोकळे होतात, की माणसाचं मन तुटलेलं आहे, आधुनिक जगातली घालमेल आहे, वगैरे. मी नागपुरात कॉलेजच्या पोरांसोबत चित्रं बघतो आणि त्यांच्या कलास्वादाच्या वह्या वाचतो, त्यात हे ‘तुटलेलं मन’ इतक्या वेळा येऊन राहिलंय की शेवटी सगळी पद्धत एकदाच नीट लिहून काढायची ठरवली.

मुलांची नजर कमी पडते असं अजिबात नाही. गडबड क्रमात होते. अर्थ सगळ्यात शेवटी यायला पाहिजे तो आधी येतो, आणि एकदा तो डोक्यात बसला की मग चित्रातलं फक्त तेवढंच दिसतं जेवढं त्या अर्थाला सोयीचं आहे. या प्रकारच्या पोर्ट्रेटमध्ये चित्रकाराने जास्तीत जास्त मेहनत घेतलेली असते ती दोन तुकडे जिथे भेटतात तिथे, म्हणजे जोडांवर, आणि तिथेच आपण बघत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, मधली एकही उडी मारू नका.

सरावासाठी एक चित्र ठरवून घ्या. मी इथे मुख्यतः पिकासोने १९१० मध्ये केलेलं डॅनिएल-हेन्री कानवायलरचं पोर्ट्रेट धरून बोलतोय, ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि त्यांच्या वेबसाइटवर झूम करून बघता येतं. तिथेच हुआन ग्रीसने १९१२ मध्ये केलेलं पिकासोचं पोर्ट्रेट आहे, ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

तयारी : यात हयगय केली तर पुढचं सगळं वाया जातं

चित्राची प्रत. व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होऊन आलेला फोटो वापरू नका. कॉम्प्रेस झाल्यावर सगळ्यात आधी मरतात ते तपकिरी आणि राखाडी रंगातले बारीक फरक, आणि १९१० च्या आसपासच्या या चित्रांचा सगळा कारभार त्याच फरकांवर चालतो. शिवाय अशा फोटोंच्या कडा कापलेल्या असतात. म्युझियमच्या साइटवरूनच घ्या आणि शक्य असेल तर ए-थ्री साइजचा कलर प्रिंट काढा. बर्डीवर नाहीतर धरमपेठेत प्रिंट काढायला गेलात तर दुकानदाराला दोन गोष्टी आधी सांगा : कागद मॅट पाहिजे, चकचकीत नको, आणि पान भरण्यासाठी चित्र ताणायचं किंवा कापायचं नाही. कडेला पांढरी जागा राहिली तरी चालेल. प्रिंट हातात आल्यावर चारही कोपरे मोबाइलवरच्या चित्राशी जुळवून बघा, दुकानातून निघायच्या आधी.

खरा आकार. मूळ चित्र आपल्यासमोर नाही, त्यामुळे आकाराचा अंदाज पार चुकतो. कानवायलरचं पोर्ट्रेट साधारण १०१ बाय ७३ सेंटिमीटर आहे. घरी फरशीवर खडूने तेवढा चौकोन काढा आणि समोर उभे राहा. बसलेल्या माणसाचं कमरेपासून वरचं शरीर जवळजवळ खऱ्या मापात मावेल एवढा तो होतो. याउलट पिकासोची रडणारी बाई, लंडनच्या टेट म्युझियममधली, १९३७ ची, ती जेमतेम ६१ बाय ५० आहे. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात. एकासमोर आपण माणसासमोर बसल्यासारखे असतो आणि दुसरं चित्र चेहरा जवळ आणून बघण्याच्या मापाचं आहे, हा फरक माहीत नसेल तर पुढचे बरेच अंदाज चुकतात.

सामान. ट्रेसिंग पेपर, एचबी पेन्सिल, लाल आणि निळी रंगीत पेन्सिल, एक वही, आणि जाड पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे. हे दोन एल एकमेकांवर ठेवले की लहान-मोठी होणारी खिडकी तयार होते, तिने चित्राचा एकच भाग वेगळा काढून बघता येतो.

उजेड. हे नागपूरकरांसाठी मुद्दाम लिहितोय. उन्हाळ्यात आपण दुपारी पडदे ओढून, कूलर लावून, आत बल्ब पेटवून बसतो. बल्ब पिवळा असला की राखाडी, तपकिरी, गेरू सगळं एकाच रंगाचं दिसतं. सकाळच्या उजेडात खिडकीजवळ बसा, थेट ऊन कागदावर पडू देऊ नका. सकाळी जमत नसेल तर पांढरा एलईडी.

नावाची पट्टी झाका. चित्राचं नाव, साल, माणूस कोण, सगळं. मी वर सांगून टाकलंय ते सरावापुरतं, पण मित्रासोबत करत असाल तर त्याला नाव सांगू नका, त्याला काय काय दिसतं ते ऐकण्यासारखं असतं.

⚠ इथे थांबा : चित्राबद्दलचा लेख, व्हिडिओ, कोणाचं स्पष्टीकरण, काहीही आत्ता बघायचं नाही. ते सातव्या पायरीला आहे.

पायरी १ : लांबून, डोळे किलकिले करून

प्रिंट भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. डोळे अर्धे मिटा. बारीकसारीक रेषा जातील आणि फक्त उजळ-काळोखाचे ढीग राहतील. आता वहीत तीनच ओळी लिहा : गर्दी कुठे आहे, मोकळं कुठे आहे, सगळ्यात उजळ जागा कुठली. बस्स. ‘चेहरा’, ‘हात’, ‘दुःख’ असे शब्द आत्ता लिहायचे नाहीत.

बहुतेक अशा पोर्ट्रेटमध्ये मध्यभागी तुकडे लहान आणि दाट असतात आणि कडेला जाताना मोठे, पातळ, सैल होत जातात. असं दिसलं तर तसं लिहा, नसेल दिसत तर नाही लिहायचं. मोबाइलमध्ये चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून पुन्हा एकदा बघा, पायरी दोन मिनिटांची आहे पण ती टाळणारे लोक पुढे हमखास रंगांमध्ये अडकतात.

पायरी २ : ओळखीच्या खुणा, पण चेहऱ्यापासून सुरुवात नाही

हे वाक्य दोनदा वाचा. चेहऱ्यापासून सुरुवात नाही. चेहऱ्यापासून सुरुवात केली की डोकं लगेच फोटो जुळवायला लागतं, नाक कुठे, डोळे कुठे, आणि नाही जुळलं की चिडचिड होऊन माणूस सोडून देतो. खालून किंवा मधून सुरुवात करा.

कानवायलरच्या चित्रात खाली, मध्याच्या जवळपास, एकमेकांत गुंफलेले हात सापडतात. तिथून वर सरकलं की घड्याळाच्या साखळीची खूण, मग टायची गाठ, आणि सगळ्यात वर केसांची एक लाट. या चारपाच गोष्टी चित्रकाराने मुद्दाम ओळखू येतील अशा ठेवल्यात. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून या प्रत्येक ठिकाणी पेन्सिलने ठिपका द्या आणि मग ठिपके हलक्या रेषेने जोडा. शरीराचा कणा मिळतो, माणूस कसा बसलाय ते कळतं. हा कणा मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण पुढच्या पायऱ्यांमध्ये प्रत्येक तुकडा कशाचा आहे हे ठरवताना याच रेषेकडे परत यावं लागतं.

पिकासोचंच त्याच वर्षीचं आंब्रॉइझ व्होलारचं पोर्ट्रेट (मॉस्कोच्या पुश्किन म्युझियममध्ये आहे) घेतलंत तर तिथे गोष्ट उलटी आहे. मोठं कपाळ आणि खाली झुकलेल्या पापण्या एकदम पकडतात, चेहरा बाकीच्या राखाडी-तपकिरी पसाऱ्यातून उबदार रंगाने वेगळा निघतो. तरी सराव म्हणून तिथेही चेहरा हाताने झाका आणि कोटाकडून वर या.

नेहमीची चूक : झूम करून करून खुणा ‘शोधणं’. दहापट झूम केलं की कुठल्याही तुकड्यात पक्षी, कुत्रा, दुसरा चेहरा, गणपती, काहीही दिसतं. आपला डोळा चेहरे तयार करतोच, तो त्याचा स्वभाव आहे.

✔ तपासा : खूण खरी मानायची तर तिने दोन अटी पूर्ण केल्या पाहिजेत. हातभर अंतरावरून झूम न करता दिसली पाहिजे, आणि शरीरात ती जिथे असायला हवी त्याच्या आसपास असली पाहिजे. एकच अट पूर्ण होत असेल तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून सोडून द्या. सगळं ओळखू आलंच पाहिजे असा हट्ट करू नका, चित्रकाराने काही जागा बिननावाच्याच ठेवलेल्या असतात आणि त्या तशाच राहू दिल्या तर चित्र जास्त उघडतं.

पायरी ३ : तुकडे कुठल्या जातीचे आहेत

सगळी तुकड्यांची चित्रं ‘क्युबिझम’ (पिकासो, ब्राक यांची वस्तू तुकड्यांत मांडायची शैली) नसतात आणि सगळ्यांना एकच पद्धत लावली की गोंधळ होतो. माझ्या मते सुरुवातीला चार जाती ओळखता आल्या तरी खूप झालं.

पहिली, नजरेची जागा बदललेली : एकच वस्तू थोडी समोरून, थोडी वरून, थोडी बाजूने. कानवायलर, व्होलार यातले. दुसरी, हालचाल पसरवलेली : एकच शरीर पुढे सरकताना पुन्हा पुन्हा, जसं मार्सेल ड्युशाँच्या १९१२ च्या जिना उतरणाऱ्या आकृतीत आहे. तिसरी, सपाट तुकडे रचलेले : कागद कापून ठेवल्यासारखे मोठे, स्वच्छ आकार. पिकासोचं १९१४ मधलं एका मुलीचं पोर्ट्रेट बघा, वेगवेगळे कागद चिकटवलेत असंच वाटतं पण सगळं तैलरंगात रंगवलेलं आहे. चौथी, भावनेच्या जोराने चेहरा मोडलेला : रडणारी बाई यातली, आणि आपल्याकडचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची डोकी, ज्यात डोळे पार कपाळावर चढवलेले असतात आणि चेहऱ्यावर काळ्या रेषांची जाळी असते.

ही विभागणी का करायची? कारण प्रत्येक जातीला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पहिलीला विचारायचं ‘कुठून बघितलं?’, दुसरीला ‘आधी काय, नंतर काय?’, तिसरीला ‘कशावर काय ठेवलं?’, चौथीला ‘काय ताणलं, काय दाबलं?’. व्होलारला चौथीचा प्रश्न विचारला की उत्तर येतं ‘हा माणूस दुःखी आहे’, आणि ते उत्तर चित्रातून आलेलं नसतं, प्रश्नातून आलेलं असतं.

एकाच चित्रात दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. जास्त जागा कोणाची आहे ते बघा आणि तिथून सुरू करा.

पायरी ४ : प्रत्येक मोठ्या तुकड्याला बाण

पहिल्या जातीच्या चित्राला ही पायरी लागतेच, आणि इथे घाई करू नका.

आधी कागदावर नाही, घरात सराव करा. चहाचा कप टेबलावर ठेवा. समोर बसून बघितलं की त्याचं तोंड चपटं दिसतं आणि बाजू दिसते. उभं राहून वरून बघितलं की तोंड पूर्ण गोल दिसतं आणि बाजू गायब. आता वहीत कपाचं एकच चित्र काढा, अर्धा भाग बसून बघितलेला, अर्धा वरून बघितलेला, मधे एक उभी रेष. फ्रेंच चित्रकार झां मेत्झांजेने १९११ मधल्या आपल्या एका चित्रात नेमकं हेच केलंय, हातात चमचा धरून बसलेल्या बाईसमोरचा कप अर्धा बाजूने आणि अर्धा वरून दाखवलाय. ते चित्र फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहे, साइटवर बघायला मिळतं. हा कप एकदा स्वतः काढला की नंतर नाक बाजूने आणि डोळा समोरून का असतो हे कोणी सांगावं लागत नाही.

मग घरातल्या कोणाला तरी खुर्चीवर बसवा. आजी असेल तर आजीला, त्या निवांत बसतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर धरायला खुणा भरपूर असतात. समोरून एक, डाव्या बाजूने एक, आणि स्टुलावर उभं राहून वरून एक, अशी तीन साधी रेखाटनं करा. चित्रकला येत नसली तरी चालेल, चष्मा, कान, केसांचा अंबाडा, हात एवढंच आलं तरी पुरे. तीन कागद शेजारी ठेवले की लक्षात येईल की प्रत्येक कागदात असं काहीतरी आहे जे दुसऱ्यात अजिबात नाही.

आता मूळ प्रिंटकडे या. ट्रेसिंगवर मोठे मोठे आठ-दहा तुकडेच निवडा, सगळे नाही. प्रत्येकात एक छोटा बाण काढा, तो कुठून बघितल्यासारखा वाटतो ते दाखवणारा. वरून असेल तर खाली जाणारा बाण, डावीकडून असेल तर उजवीकडे जाणारा. जिथे कळत नाही तिथे गोल. बाण झाल्यावर जरा लांब ठेवून बघा : सगळे बाण एकाच दिशेने जातात का, डोक्यापाशी दिशा बदलते का, हातांपाशी शांत होते का. डोक्याभोवती बाण चारीकडून आणि हातांपाशी एकाच बाजूने असे निघाले तर याचा अर्थ चित्रकार डोक्याभोवती फिरलाय आणि हातांसमोर थांबलाय. आत्ता एवढंच लिहा, निष्कर्ष काढू नका.

नेहमीची चूक : ‘हा सगळ्या बाजूंनी एकदम बघितलेला माणूस आहे’ असं ठोकून देणं. पुस्तकात तसं लिहिलेलं असतं म्हणून सगळे लिहितात. पण प्रत्यक्ष बाण काढले की दिसतं की मागची बाजू जवळजवळ कधीच नसते, फरक असतात ते थोडे थोडे, जरा डावीकडे, जरा वरून. बसलेल्या माणसासमोर आपण जागेवरच थोडं हललो तर जेवढं बदलेल तेवढं.

✔ तपासा : दहातल्या सात-आठ तुकड्यांमध्ये गोल आला असेल तर दोन शक्यता, प्रिंट वाईट आहे किंवा चित्र पहिल्या जातीचं नाहीच. तिसऱ्या पायरीवर परत जा.

पायरी ५ : जोड

आता खरं काम. लाल पेन्सिल घ्या. दोन तुकड्यांमधली कडा जिथे पूर्ण बंद आहे, म्हणजे रेष सलग जाते आणि रंग एकदम बदलतो, तिथे लाल. निळी घ्या आणि जिथे कडा उघडी आहे, म्हणजे रेष अर्ध्यात सुटते आणि एका तुकड्याचा रंग दुसऱ्यात वाहून जातो, तिथे निळा. एल आकाराच्या पुठ्ठ्यांची खिडकी इथे कामाला येते, छोटा चौकोन उघडा ठेवा, तेवढाच भाग पूर्ण करा, मग पुढे सरका. कमरेपासून सुरू करून वर जा. या पायरीला अर्धा-पाऊण तास लागतो आणि तो द्यायचाच आहे.

लाल-निळं झाल्यावर ट्रेसिंग पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. आता तुमच्यासमोर चित्राचा नकाशा आहे जो कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. लाल जिथे जास्त, तिथे माणूस जगापासून वेगळा उभा आहे. निळं जिथे जास्त, तिथे माणूस आणि खोली एकमेकांत मिसळलेत. कानवायलरमध्ये कोटाचा आणि खांद्यांचा भाग बघा, कोट संपून मागची जागा कुठे सुरू झाली हे बोट ठेवून सांगता येत नाही. याउलट ग्रीसच्या १९१२ च्या चित्रात तिरप्या रेषा सगळ्या कॅनव्हासभर आरपार गेल्यात, कडा कडक आहेत, पैलू स्वच्छ कापलेत, आणि तरी माणूस सहज ओळखू येतो, हातातल्या रंगाच्या पॅलेटसकट. दोन्ही तुकड्यांचीच पोर्ट्रेट्स, वर्षं फक्त दोन पुढेमागे, पण जोडण्याची रीत पार वेगळी. ‘तुकडे आहेत’ एवढ्यावर अर्थ काढणाऱ्याला ही दोन चित्रं सारखीच वाटतील. जोड बघणाऱ्याला ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात.

मला यातली निळी जागा सगळ्यात जास्त आवडते. तिथे चित्रकाराने ठरवायचं नाकारलंय. खांदा इथे संपला असं म्हणायची सोय त्याला होती, एक रेष पुरली असती, त्याने ती अर्ध्यात सोडली, आणि पुढचं काम बघणाऱ्याच्या डोळ्याला दिलं. म्हणून अशा चित्रासमोर उभं राहिलं की माणूस क्षणभर सापडतो आणि क्षणभर हरवतो.

इथेच एक उपकाम करून घ्या, सावलीचं. प्रत्येक मोठ्या तुकड्यात उजेड कुठल्या बाजूने आहे ते बघा. साध्या पोर्ट्रेटमध्ये खिडकी एका बाजूला असते आणि सगळ्या सावल्या दुसऱ्या बाजूला पडतात. इथे शेजारी शेजारीच्या दोन तुकड्यांत उजेड उलट्या बाजूंनी येतो. असं जिथे होतं तिथे फुली मारा. फुल्या कुठे जमल्यात त्यावरून चित्र कुठे सर्वात जास्त हलतंय ते कळतं.

⚠ सावधान : प्रिंटवरच्या सगळ्या बारीक रेषा ट्रेस करू नका. सगळं ट्रेस केलं की सुंदर जाळं तयार होतं, फ्रेम करून लावता येतं, पण त्यातून काहीच वाचता येत नाही.

पायरी ६ : रंग आणि कुंचला

ही पायरी छोटी. दोनच प्रश्न. रंग कमी केलेत की वाढवलेत? आणि कुंचल्याचे फटकारे तुकड्याच्या आकाराप्रमाणे चालतात की स्वतःच्या नादात?

१९१० च्या आसपासच्या पोर्ट्रेट्समधला तपकिरी-राखाडी रंग म्हणजे उदासी नाही. रंग भडक ठेवले असते तर डोळा रंगावर गेला असता आणि आकारांचं सगळं बारीक काम बुडालं असतं, म्हणून ते दाबलेत. याउलट रडणाऱ्या बाईमध्ये हिरवा, पिवळा, जांभळा, लाल अंगावर येतो, आणि तोंड-दात-रुमालाच्या जागी एकदम थंड पांढरट निळा, तिथे तो बदलच सांगतोय की बघ, इथे बघ.

रंगाचा आणि आकाराचा ‘अर्थ’ लावायची घाई आपल्याकडे जरा जास्तच आहे, आणि नागपुरात त्याचं एक कारण मला चित्रकार रझा वाटतात. सय्यद हैदर रझांचं सुरुवातीचं कलाशिक्षण आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये झालं, त्यामुळे इथे मॉडर्न आर्ट म्हटलं की त्यांचा बिंदू, म्हणजे तो मोठा गोल, आणि बिंदू म्हटलं की प्रतीक. रझांच्या बाबतीत ते बरोबरच आहे, त्यांनी बिंदू वर्षानुवर्षं रंगवला आणि त्याबद्दल स्वतः बोलले. पण तीच सवय घेऊन १९१० च्या पोर्ट्रेटसमोर गेलो आणि ‘हा त्रिकोण कशाचं प्रतीक आहे?’ विचारलं तर उत्तर मिळणार नाही. तो त्रिकोण बहुतेक वेळा कोटाची कॉलर असतो.

पायरी ७ : आता नाव, साल, माणूस

पट्टी उघडा. आधीची वही बंद करू नका, शेजारीच ठेवा. बाहेरची माहिती वेगळ्या पानावर, वेगळ्या शाईने लिहा, म्हणजे काय तुम्ही बघितलं आणि काय वाचलं हे कायम वेगळं राहतं.

कानवायलर हा जर्मनीत जन्मलेला चित्रविक्रेता, १९०७ मध्ये त्याने पॅरिसमध्ये गॅलरी उघडली आणि पिकासो, ब्राक या चित्रकारांची चित्रं विकली. या पोर्ट्रेटसाठी तो तीसेक वेळा बसला असं सांगतात. ही माहिती हातात आली की चौथ्या पायरीतले बाण पुन्हा बघा. इतक्या बैठकांमध्ये माणूस एकसारखा बसत नाही, मान वळते, उजेड बदलतो, हात मात्र एकदा गुंफले की तिथेच राहतात. बाहेरच्या माहितीचा उपयोग असा करायचा, वहीतल्या एखाद्या निरीक्षणाला ती धरून बसते का ते बघायचं. धरत नसेल तर माहिती खरी असली तरी ती या अर्थात वापरायची नाही.

रडणाऱ्या बाईच्या बाबतीत उलटी चूक होते. मॉडेल डोरा मार होती, पिकासोशी तिचं नातं होतं, एवढं कळलं की लोक सगळं चित्र त्या नात्याची गोष्ट म्हणून वाचतात. पण तारखा लावून बघा. स्पेनच्या यादवी युद्धात गेर्निका शहरावर बॉम्बहल्ला २६ एप्रिल १९३७ ला झाला, त्यावरचं मोठं चित्र पिकासोने जूनपर्यंत पूर्ण केलं, डोरा मारने ते घडताना त्याचे फोटो काढले, आणि टेटमधली रडणारी बाई ऑक्टोबरची आहे. म्हणजे हा चेहरा युद्धात रडणाऱ्या बायांच्या चेहऱ्यांच्या मालिकेतला आहे. एका बाईची गोष्ट आणि एका शहराची गोष्ट दोन्ही धरून वाचलं तरच दातात धरलेल्या त्या रुमालाचा ताण समजतो.

पायरी ८ : अर्थाचं वाक्य लिहिणं

आता, आणि आत्ताच, अर्थ. वाक्यात तीन गोष्टी पाहिजेत : चित्रातली जागा, तिथे चित्रकाराने केलेलं काम, आणि त्याने बघणाऱ्यावर होणारा परिणाम. यातली एक जरी नसली तर वाक्य परत लिहा.

वहीत नेहमी दिसणारं वाक्य : ‘चित्रकाराने मानवी मनाची घालमेल प्रभावीपणे दाखवली आहे.’ जागा नाही, काम नाही.

त्याऐवजी : ‘खांद्यापाशी कडा उघड्या सोडल्यामुळे माणूस खोलीत विरघळतो, पण खाली गुंफलेले हात आणि साखळी ओळखू येतात, त्यामुळे तो पूर्ण हरवत नाही. चेहऱ्यापेक्षा या हातांवरूनच मला त्याचं बसून राहणं, वाट बघणं जाणवतं.’ हे वाक्य चूक असू शकतं, कोणी हात वर करून म्हणू शकतो की मला तिथे वाट बघणं दिसत नाही. पण त्याला बोट ठेवायला जागा मिळाली, आणि वाद सुरू व्हायला तेवढंच लागतं.

✔ अदलाबदलीची चाचणी : तुमचं वाक्य ग्रीसच्या चित्राखाली ठेवा. तिथेही तसंच्या तसं लागू पडलं तर ते या चित्राबद्दलचं वाक्य नाही, खोडा. ‘घालमेल’वालं वाक्य तर कुठल्याही चित्राखाली चालतं, अजब बंगल्यातल्या (नागपूरच्या जुन्या म्युझियममधल्या) एखाद्या जुन्या मूर्तीखालीही चालेल.

✔ दुसरी चाचणी : सगळ्या टोकाच्या शब्दांवर रेघ मारा, ‘विदारक’, ‘अद्भुत’, ‘अस्तित्ववादी’. उरलेलं वाक्य उभं राहतं का बघा.

दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त लिहू नका पहिल्या वेळी. असाइनमेंटमध्ये दोन पानं मागितली असतील तर उरलेल्या जागेत पायरी चार आणि पाचची निरीक्षणं लिहा, परीक्षकाला तीच वाचायची असतात. आणि ट्रेसिंग जोडा सोबत.

हॉलमध्ये, प्रत्यक्ष चित्रासमोर असाल तर

सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य सांस्कृतिक केंद्रात किंवा दुसरीकडे कुठे प्रदर्शन असेल आणि असं पोर्ट्रेट समोर आलं तर ट्रेसिंग करता येणार नाही, पण क्रम तोच ठेवा. आधी मागे जाऊन डोळे किलकिले करा, मग चेहरा सोडून खालून वर या, मग जवळ जाऊन फक्त जोड बघा. प्रत्यक्ष चित्रात एक गोष्ट मिळते जी प्रिंटमध्ये कधीच मिळत नाही, रंगाचा थर. बाजूने, जवळजवळ भिंतीला गाल लावून बघा, कुठला तुकडा नंतर रंगवलाय ते उंचवट्यावरून कळतं. हात लावायचा नाही, आणि फ्लॅश नाही. पट्टी सगळ्यात शेवटी वाचा, कठीण जातं पण जमतं.

चित्रकार बऱ्याचदा तिथेच खुर्चीवर बसलेला असतो. त्याला ‘यातून तुम्हाला काय सांगायचंय?’ विचारू नका, त्या प्रश्नाला तोही तेच ठरावीक उत्तर देतो. विचारा, ‘सर, हा भाग आधी केला की नंतर?’, ‘ही कडा इथे का सोडली?’, ‘माणूस समोर बसला होता का फोटोवरून केलं?’. कॉलेजची पोरं लाजतात असं विचारायला, त्यांना मी आवर्जून पुढे ढकलतो, कारण अशा प्रश्नावर चित्रकार खुर्चीवरून उठून चित्रापाशी येतो आणि बोट ठेवून सांगायला लागतो.

घरी आल्यावर त्याच दिवशी आठवणीतून लाल-निळ्या जोडांचा साधा नकाशा वहीत काढा, खाली तारीख आणि चित्रकाराचं नाव टाका. दुसऱ्या दिवशी काढायला बसलात तर चेहरा तेवढा आठवतो आणि जोड विसरलेले असतात.